मधात फोटो कोणाचा?

आमच्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस दारातूनच विचारतो, "भाऊ नाई काय?"

"कोण भाऊ?"

"डिझाईनवाले."

"मीच."

"नाई, कॉम्प्युटरवर जे बसते ते."

"मीच बसते."

मग तो समोरच्या खुर्चीत टेकतो आणि तरीही भाऊची वाट पाहतो. पाच-दहा मिनिटांत माझी बोटं चालताना दिसली की त्याची खात्री पटते. एकदा पटली की मात्र तो मला घरचीच समजतो आणि हळू आवाजात म्हणतो, "ताई, फोटोत मले जरासं उजळ करता येईन काय?"

आर्णीच्या बसस्टँडजवळ माझं हे दुकान आहे. पाटीवर 'ग्राफिक आणि वेब डिझाईन' असं लिहिलेलं आहे. पाटी मोठी आणि दुकान लहान. माझ्या नणंदेला अजून वाटतं की मी झेरॉक्स काढते, आणि पाहुण्यांत ती तसंच सांगते. मीही आता दुरुस्त करत नाही. कारण मी नेमकं काय करते हे सांगायला बसले की समोरचा माणूस मान डोलावतो आणि शेवटी म्हणतो, "म्हणजे सगळं कॉम्प्युटरच करते न?"

तरी दिवाळी अंकाचं निमित्त आहे, तर एकदा सांगून टाकते. माणसाचा डोळा कागदावर, बॅनरवर किंवा मोबाईलच्या पडद्यावर पहिल्यांदा कुठे पडेल, तिथून कुठे जाईल आणि कुठे थांबेल, हे आधीच ठरवून ठेवणं म्हणजे माझं काम. रंग, अक्षरं, फोटो ही त्याची हत्यारं. लग्नाच्या पत्रिकेत डोळा आधी नवरानवरीवर गेला पाहिजे. प्रत्यक्षात तो 'निमंत्रक'मधल्या काका-मामांच्या गर्दीत अडकतो, कारण तिथे एक नाव राहिलं तर पुढची दहा वर्षं त्या घरी जाणं-येणं बंद. वाढदिवसाच्या बॅनरवर तर मानाचा क्रम असतो. कोणाचा फोटो कोणाच्या वर आणि कोणाचा किती मोठा, यावरून मी गावागावांचं राजकारण सांगू शकते. निकालाच्या आधी.

वेबसाइटचं काम वेगळं. तिथे डोळ्याबरोबर बोटही चालतं. एका कृषी केंद्राच्या मालकांना मी वेबसाइट करून दिली. बियाणं काय आहे, खत कोणतं आलं, दुकान कुठे आहे, फोन कुठे लावायचा, सगळं नीट. उद्घाटनाला ते हार, नारळ आणि कुंकू घेऊन आले. मी म्हटलं, काका, याला उद्घाटन लागत नाही, ती सुरू झाली आहे. ते म्हणाले, "आपल्या हातानं सुरू झाली पायजे न बाप्पा." त्यांनी माझ्या मॉनिटरला कुंकू लावलं, टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला आणि अर्ध्याहून जास्त पाणी की-बोर्डमध्ये गेलं. वेबसाइट आजही चालू आहे. की-बोर्ड त्याच दिवशी गेला.

आता नवीन साथ आली आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर एआयनं केलेलं बॅनर घेऊन येतं आणि म्हणतं, हे छापून द्या फक्त. चित्र झकास असतं. मागे सूर्य उगवत असतो, वाघ बसलेला असतो, सत्कारमूर्ती सिनेमातल्यासारखे दिसत असतात. आणि खाली मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं, 'हादिर्क शुभच्छे'. मी दाखवून देते तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, "लोक समजून घेते, ताई." यावरून मला कळलं की मी इतकी वर्षं ऱ्हस्व-दीर्घ उगाचच पाहिले.

पण एक नियम मी कधी सोडला नाही. ज्याच्या नावाचं काम आहे, त्याला दाखवल्याशिवाय छापायला पाठवायचं नाही. फार पूर्वी एका लग्नाची पत्रिका नवरदेवाच्या मामानं पाहून, मान डोलावून पास केली. नवरीचं नाव कोमल होतं. मामानं लिहून आणलं होतं 'कोयल' आणि पास करतानाही त्यांना ते कोयलच वाटलं. तेव्हापासून मी नवरीला दाखवते. नवरीची आई म्हणते कायले, बाप म्हणतो कायले, पण मी दाखवते. या एका नियमापायी काही वर्षांपूर्वी एका गावाची निवडणूक फिरली, त्याचीच ही गोष्ट आहे.

गावाचं नाव सांगत नाही, कारण ते लोक अजून माझे गिऱ्हाईक आहेत. आर्णीपासून मोटारसायकलनं अर्ध्या तासाच्या आत येतं एवढं पुरे. माणसांची नावंही बदलून घेतली आहेत. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती आणि सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं होतं.

सगळ्यांत आधी वसंतराव आले. वजनदार माणूस, जाड मिशा, बरोबर तीन-चार मित्र. बसल्या बसल्या म्हणाले, "ताई, बॅनर करायचं हाय. मी उभा राहून राह्यलो."

मी म्हटलं, "पण सीट तर बाईची आहे ना?"

"हो न. म्हणजे रेखाच्या नावावर."

त्यांनी मोबाईलमधून फोटो काढून दिले. स्वतःचा हात जोडलेला, कमरेपर्यंतचा, फेटा बांधलेला. बायकोचा फोटो मागितला तर आधार कार्डच पुढे केलं. "याच्यातला घ्या. लहानच टाकायचा हाय, चालून जाते." आधार कार्डावर कोण कसं दिसतं हे मी सांगायला नको. वसंतराव मध्ये, पूर्ण उंचीत. रेखाताई खाली डाव्या कोपऱ्यात, तिकिटाएवढ्या. वर आईचा फोटो आणि 'आईचे आशीर्वाद'. निवडणूक चिन्ह अजून मिळायचं होतं, म्हणून त्याची जागा मोकळी.

मी म्हटलं, "वसंतराव, मत रेखाताईंना पडणार आहे. लोकांनी त्यांना ओळखलं तर पाहिजे."

"तिले कोण ओळखते? लोक मले ओळखते," ते म्हणाले, आणि मित्रांनी माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ दिलीप आला. हे दोघं भाऊ तेव्हा बोलत नव्हते. दोघांत मिळून एक ट्रॅक्टर होता आणि तो कोणाच्या अंगणात उभा राहील यावरून भांडण झालं होतं. अंगणात मधोमध भिंत आली. ट्रॅक्टर रस्त्यावर उभा राहायला लागला. तर दिलीपनंही खुर्चीत बसून तेच सांगितलं, "मी उभा राहून राह्यलो, जयश्रीच्या नावावर." तेच हात जोडणं, तसाच फेटा, बायको खाली कोपऱ्यात आणि वर आईचे आशीर्वाद.

आईचा फोटो पाहून मला ठसका लागला. तो तोच फोटो होता. घरातल्या कोणत्या तरी लग्नातला, आई मध्ये बसलेली आणि दोन्ही मुलं दोन्ही बाजूंना उभी. वसंतरावांनी दिलीपला कापून मला पाठवला होता, दिलीपनं वसंतरावांना कापून. वसंतरावांची कात्री जरा घाईत चालली होती. त्यांच्या फोटोत आईच्या खांद्यावर एक हात तसाच राहिला होता, मनगटावर घड्याळ असलेला.

आमच्या धंद्यात वैद्याच्या धंद्यासारखंच एक पथ्य असतं. याचं त्याला सांगायचं नाही. आठवडाभर मी एका भावाच्या पावलांचा आवाज आला की दुसऱ्याची फाइल बंद करत होते. खरं सांगायचं तर त्याची काही गरज नव्हती. दोन बॅनरांत रंग सोडला तर फरक काहीच नव्हता. एक दुसऱ्याच्या जागी दाखवलं असतं तरी चाललं असतं, फक्त मिशा नीट पाहाव्या लागल्या असत्या.

दोघांनाही मी एकच गोष्ट सांगितली. उमेदवाराला दाखवल्याशिवाय मी छापायला पाठवत नाही. वसंतराव हसले. "तिले काय समजते त्याच्यात?" मी म्हटलं, नाव तरी बरोबर आहे का पाहतील. कोयलची गोष्ट ऐकवली. मग म्हणाले, "ठीक हाय, तिले पाठवतो. तसाही तिले आर्णीले मायच्या गोळ्या घ्यायले यायचं हाय."

अर्ज मागे घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी तीनपर्यंत माघार आणि त्यानंतर चिन्हवाटप. सकाळी अकराच्या सुमारास रेखाताई आल्या. चाळिशीच्या, सावळ्या, हातात औषधाची पिशवी. दारात चप्पल काढायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, दुकान आहे. तरी काढलीच. मी बॅनर पडद्यावर उघडून दिलं.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "याच्यात मी कोठी हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"बाई!" एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळानं विचारलं, "मोठा करता येते काय?"

"येतो की. पण फोटो चांगला लागेल. तुमचा एकटीचा आहे का एखादा?"

त्यांनी विचार केला. लग्नातले होते, पण त्यात हे होते. मुलांबरोबरचे होते. एकटीचा नव्हता. मी म्हटलं, मग आत्ताच काढू. पांढऱ्या भिंतीसमोर स्टुलावर त्यांना बसवलं. त्या फोटोसाठी बसल्या की खांदे वर जायचे आणि ओठ आवळले जायचे, जणू इंजेक्शन द्यायला बसवलं आहे. मी म्हणत होते, जरा हसा ताई, आणि त्या म्हणत होत्या, कायले?

तेवढ्यात दारात जयश्री उभी. तिलाही मी आजच बोलावलं होतं, पण दुपारनंतर. ती स्कूटी चालवत लवकर आली होती. बचत गटाचं काम करणारी, तिशी ओलांडलेली, बोलायला मोकळी. दोन्ही जावा एकमेकींकडे पाहत राहिल्या. आठवडाभर सांभाळलेलं पथ्य माझ्याच दुकानात मोडणार होतं.

जयश्री सरळ आत आली आणि म्हणाली, "बाई, पदर कसा आला हाय पाह्य. थांब." तिनं जावेचा पदर नीट केला, कपाळावरचे केस मागे सारले, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि मला म्हणाली, "आता काढा." रेखाताईंना हसू आलं. फोटो तिथेच आला.

मग कळलं की भिंत नवऱ्यांनी घातली होती. या दोघी रोज बोलत होत्या, नळावर. घरी मात्र तोंड वाकडं ठेवायच्या, नाही तर नवऱ्यांचे मित्र बोलायचे.

"ताई, माहं बी दाखवा," जयश्री म्हणाली.

मी रेखाताईंकडे पाहिलं. जयश्रीनं माझी अडचण ओळखली. "दाखवा न. जाऊ हाय माही, चोर थोडीच हाय?" रेखाताईही म्हणाल्या, "माहं तिले दाखवा." मग मी दोन्ही बॅनर शेजारी शेजारी उघडली.

रेखाताईंनी पडद्याजवळ वाकून आईच्या फोटोवर बोट ठेवलं. "आवं, हा हात तर दिलीप भाऊजीचा हाय! आमच्या बॅनरवर!" आणि दोघींना जे हसू सुटलं! जयश्री टेबलाला धरून हसत होती. रेखाताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मीही हसले. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

हसू ओसरल्यावर रेखाताई पुन्हा पडद्याकडे पाहायला लागल्या. "हे त्यायचं इलेक्शन हाय," त्या म्हणाल्या. "याचं बी आणि त्याचं बी. माहं नाव कायले पायजे याच्यात? मले कोणी विचारलं बी नाई. सही कर म्हणले, केली."

मग त्या जावेकडे वळल्या. "जयश्री, खरं सांग. तुले उभं राहायचं हाय काय? तुले?"

जयश्री ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "हाय," ती म्हणाली. "त्यायनं म्हणलं नसतं तरी मी म्हणणार होती. मागच्या ग्रामसभेत सांडपाण्याच्या नालीचं बोलली, तर म्हणले, बाई, तुम्ही बसा. मले बसाचं नाई."

"मंग मी कायले मधात येऊ?" रेखाताई म्हणाल्या. "आपण दोघी राह्यलो तर दोघी पडतो. तिसरीच निवडून येते."

त्या उठल्या, चपला घातल्या आणि मला विचारलं, "ताई, तहसील कोणत्या बाजूनं हाय?"

मी रस्ता सांगितला. घड्याळात पावणेबारा वाजले होते. जयश्रीचा चेहरा उतरला होता. ती म्हणत होती, "बाई, घरी काय होईन? भासरे काय म्हणतीन?" भासरे म्हणजे तिचे थोरले दीर, वसंतराव. रेखाताई म्हणाल्या, "माहं मी पाहीन. तू इथंच थांब. तू माह्यासोबत दिसली तर म्हणतीन, तूच फूस लावली."

दारातून परत फिरून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही त्यायले फोन कराल काय?"

खरं सांगते, तो क्षण मला जड गेला. काम आणणारे वसंतराव होते. पण बॅनरवर नाव त्यांचं नव्हतं. मी म्हटलं, "बॅनर उमेदवाराला पसंत पडलं का, एवढंच मी विचारते. तुम्हाला पडलं नाही. ते आले की तसं सांगीन."

त्या एकट्याच गेल्या. जयश्री माझ्याकडे बसून राहिली, चहा निवला तरी प्यायली नाही. रेखाताई परत दुकानात आल्याच नाहीत. बाहेरून जाताना फक्त 'झालं' असा हात दाखवला आणि बसस्टँडकडे वळल्या. जयश्रीनं तो हात पाहिला आणि मान खाली घालून रडली. मी दुसऱ्या एका लग्नाच्या पत्रिकेत डोकं घातलं.

वसंतराव तीननंतर, जयश्री गेल्यावर, मित्रांसकट आले. मजेत होते. "चला ताई, आता चिन्ह भेटन. कपाट भेटलं तर झकास, त्या मोकळ्या जागेत बसवून द्या." बसतात तोच फोन वाजला. ते ऐकत गेले आणि मिशा खाली येत गेल्या. फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"तुम्ही काय सांगतलं तिले?"

"काही नाही. बॅनर दाखवलं."

"बॅनर पाहून कोणी अर्ज मागं घेते काय?"

मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. आठवडाभरात त्यांनी ते बॅनर चार वेळा पाहिलं होतं, पण चारही वेळा स्वतःला. आता पहिल्यांदा त्यांचा डोळा खाली डाव्या कोपऱ्यात गेला. मित्रही वाकून पाहायला लागले. वसंतराव अगदी साध्या आवाजात म्हणाले, "लयच लहान झाला काय हा?"

मित्रांपैकी एक खोकला. दुसऱ्याला अचानक काम आठवलं.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. वसंतराव खूप ओरडले. रेखाताई ऐकून घेत होत्या आणि भाकऱ्या थापत होत्या. ओरडून झाल्यावर त्यांनी ताट पुढे केलं. वसंतराव बरेच दिवस बायकोशी बोलले नाहीत, पण जेवले. त्या मात्र रोज संध्याकाळी जावेबरोबर प्रचाराला निघायच्या, भिंतीला वळसा घालून. गावातल्या बायांना म्हणायच्या, माझं मत तुम्हाला माहीतच आहे, मी तर माझी सीटच दिली तिला.

जयश्रीचं बॅनर मी नव्यानं केलं. त्यात ती मध्ये होती, माईक हातात घेतलेली. दिलीपचा फोटो कुठे टाकायचा यावर नवराबायकोत माझ्यासमोरच वाद झाला. शेवटी तो वर, सासूच्या शेजारी, आशीर्वादाच्या रांगेत बसला. दिलीप म्हणाला, "हे तर मी वारल्यासारखं दिसते." मी त्याला खाली घेतलं.

जयश्री निवडून आली. फार मोठ्या फरकानं नाही, पण आली.

निकालानंतर एक दिवस वसंतराव दुकानात आले. या वेळी एकटेच. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते खुर्चीत बसले, पंख्याकडे पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाले, "ताई, अभिनंदनाचं बॅनर करायचं हाय. फाट्यावर लावायले."

"कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? सरपंच आमच्या घरातली हाय न." मग हळूच, "मधात माहा फोटो टाका. शुभेच्छुक म्हणून. फेट्यावाला. तिचा बाजूनं येऊ द्या."

मी हो म्हटलं आणि ते गेल्यावर जयश्रीला फोन लावला. सगळं सांगितलं. विचारलं, तुझा फोटो मध्ये घेऊन त्यांचा लहान करू का? म्हटलं, बदलायला अजून वेळ आहे.

पलीकडे ग्रामपंचायतीत कोणी तरी जोरजोरात बोलत होतं. ती दारामागे आली असावी, कारण आवाज एकदम बारीक झाला.

"नाई ताई, मोठाच राहू द्या. चांगला मोठा करा. नाली मले भासऱ्याच्याच दारासमोरून न्यायची हाय."

मी वसंतरावांना पूर्ण उंचीत मध्ये उभं केलं. फेट्याचा रंग गडद केला, मिशाही जराशा काळ्या केल्या. बॅनर फाट्यावर लागलं तेव्हा ते स्वतः दोन वेळा मोटारसायकलवरून पाहून आले. आणि महिन्याभरात नालीसाठी स्वतःच्या दारासमोरचा ओटा त्यांनी आपल्या हातानं फोडून दिला.